सत्तावीसशेचा फरक

बी.कॉम. होऊन कन्या वडिलांच्या धान्याच्या पेढीवर बसू लागली, तेव्हा तिच्या वाट्याला आली ती खात्यांची जुळवणी. बारदानवाल्याच्या खातेउताऱ्यात पेढीकडून २,७०० रुपये अधिक येणे दिसत होते. वडिलांनी त्यास फोनवर चार शब्द सुनावलेही होते. ‘कसर खात्याला टाका आणि मोकळे व्हा,’ असा मुनीमजींचा तोडगा.

कन्येला ते मानवेना. चातुर्मासातील तीन संध्याकाळी तिने बिलांची फाईल चाळली; दोनदा चौविहाराची वेळ टळून उपाशीच झोपली. आईचा रोष निराळाच.

चौथ्या दिवशी तिच्या ध्यानात आले, की २,७०० ला ९ ने निःशेष भाग जातो. असा फरक बहुधा अंकांच्या अदलाबदलीतून उद्भवतो. ७३ चे ३७ लिहिले, तरी फरक ३६, म्हणजे नवाच्याच पटीत. हे पुस्तकात सर्वांनीच वाचलेले असते, आठवते मात्र क्वचित. आता हजार आणि शतक या स्थानी तीनचे अंतर असलेले अंक तेवढे शोधायचे होते. ८,५१४ रुपयांचे बिल पेढीच्या खात्यात ५,८१४ असे चढले होते. नोंद तिचीच होती, पहिल्या आठवड्यातली.

वडिलांनी बिल पाहिले, चष्मा काढला आणि बारदानवाल्याला फोन लावला. संवत्सरीला अजून पंधरा दिवस होते. तरी ‘मिच्छामि दुक्कडं’ आधी उच्चारले गेले, रकमेचा विषय नंतर निघाला.

कन्येचे लक्ष घड्याळाकडे होते. सूर्यास्तास अठरा मिनिटे उरली होती.