लेकीला परिषदेला जाऊ द्या

मुलगी पुण्यात सॉफ्टवेअर कंपनीत लागली की आपण पेढे वाटतो. तीच 'बंगळुरूला परिषदेला जाते' म्हणाली, की लगेच प्रश्न : एकटीच? कशाला?

मैत्रिणींनो, बँकेतली आपली खाती संगणकात नीट सांभाळतो तो डेटाबेस. त्यातलाच पोस्टग्रेस १९८६ साली अमेरिकेतल्या बर्कले विद्यापीठात सुरू झाला. आज जगभरची माणसं मिळून तो घडवतात, आणि तो फुकट मिळतो. त्याचे जाणकार मार्च २०२५ मध्ये बंगळुरूच्या 'पीजीकॉन्फ इंडिया'त जमले होते. अशा ठिकाणी अडलेलं विचारता येतं, ओळखी होतात, पुढची वाट दिसते.

देवणी वळू घेऊन घरचा माणूस प्रदर्शनाला परगावी मुक्कामी जातो, त्याला कुणी अडवत नाही. जाणकारांत वावरल्याशिवाय पारख येत नाही, हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. मग लेकीलाच वेगळा नियम का? डबा बांधून द्या, 'पोचलीस की फोन कर' म्हणा, अन् जाऊ द्या तिला.