वायपर बंद पडला म्हणून लगेच मोटर विकू नका

जुन्या गाडीचा वायपर कसा तपासायचा, ते व्हिडिओत दाखवलंच आहे. इथे त्यामागच्या धंद्याबद्दल बोलू. माझं मत सरळ आहे. जुन्या गाड्यांच्या कामात पार्ट विकण्यापेक्षा बिघाड अचूक शोधण्यात जास्त टिकाऊ कमाई आहे. म्हणून तपासणीचे पैसे वेगळे आणि उघडपणे घ्या.

आपल्या मावळात या कामाला गिऱ्हाईक कुठून येणार? नवलाख उंबऱ्याच्या आसपास बघा. जनरल मोटर्सचा कारखाना इथे तळेगाव एमआयडीसीत २००८ साली सुरू झाला. शेवरोलेची स्पार्क आणि बीट इथेच बनायची. २०१७च्या अखेरीस कंपनीने भारतात गाड्या विकणं थांबवलं, २०२०च्या डिसेंबरमध्ये उत्पादनही बंद झालं. पण विकलेल्या गाड्या रस्त्यावर राहिल्याच ना! मारुती ८०० तर २०१४ पासून बनत नाही, तरी गावागावात दिसते. अशा गाडीचा मालक नवी गाडी घेणारा नसतो. त्याला हीच गाडी अजून चार पावसाळे चालवायची असते.

आणि आपल्याकडचा पाऊस काही साधा नाही. तळेगावहून निघालात की कामशेतपर्यंत भुरभुर असते, लोणावळ्यात धो धो आणि खंडाळ्यात वर धुकं. तिथे वायपर थांबला तर समोरचा ट्रकसुद्धा दिसत नाही. कायद्याचंही बघा. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधल्या नियम १०१ प्रमाणे काच असलेल्या गाडीला नीट चालणारा वायपर लागतोच. खासगी गाडीला १५ वर्षं झाली की नोंदणी पुढे चालू ठेवायला फिटनेस तपासणी होते आणि त्यातही वायपर बघतात. २०१० सालच्या बीट आता त्याच रांगेत आहेत.

आता होतं काय? वायपर बंद, गाडी गॅरेजला, की पहिलं वाक्य ठरलेलं: "मोटर गेली, बदलावी लागेल." माझ्याकडे अशी सांगावा घेऊन आलेली गिऱ्हाइकं दर पावसाळ्यात येतात. त्यातल्या बऱ्याच गाड्यांची मोटर ठणठणीत असते. म्हणून हा क्रम पाठच करा.

पहिलं, कान द्या. स्विच लावल्यावर मोटरचा आवाजच नाही? मग आधी फ्यूज बघा. उडालेला असेल तर तेवढ्याच अँपिअरचा टाका. परत उडाला तर मोठा फ्यूज किंवा तार अजिबात टाकू नका, वायरिंग जळेल. कुठेतरी शॉर्ट आहे किंवा वायपर जाम झालाय, ते शोधा.

दुसरं, आवाज येतोय पण वायपर हलत नाही? मग मोटर चालू आहे! लिंकेजचा प्लास्टिक बुश झिजून निसटलेला असतो. दोनपैकी एकच वायपर चालत असेल तर आर्मच्या मुळाशी टोपणाखालचा नट बघा, बहुतेक वेळा तोच ढिला असतो.

तिसरं, वायपर रडत रडत चालतोय? लिंकेज मोटरपासून सोडवा आणि मोटर एकटी चालवा. जोरात फिरली तर दोष स्पिंडलचा, गंज आणि धूळ बसून तो घट्ट झालेला असतो. साफ करा, ग्रीस लावा. मोटर एकटीसुद्धा मंद फिरत असेल तर अर्थिंग आणि कनेक्टर तपासा.

चौथं, स्विच बंद केल्यावर वायपर काचेच्या मध्येच थांबतो? मोटरच्या गिअर डब्यातले पार्किंगचे पॉइंट किंवा रिले बघा.

शेवटी टेस्ट लॅम्प किंवा मल्टिमीटर. स्विच लावून मोटरच्या कनेक्टरवर १२ व्होल्ट येतायत, अर्थिंगही चांगलं आहे, तरी मोटर हलत नाही? तरच मोटर गेली म्हणा. करंटच येत नसेल तर फ्यूज, रिले, स्विच, वायर या वाटेने मागे जा. आणि लिंकेजमध्ये हात घालण्याआधी चावी बंद, हे विसरायचं नाही.

"पण सर, मोटर विकली तर चार पैसे सुटतात, फ्यूजमध्ये काय मिळणार?" हा प्रश्न प्रत्येक बॅचला येतो. हिशोब करू. समजा मोटरमागे ४०० रुपये सुटले. पण मूळ दोष जाम स्पिंडलचा असेल, तर नवी मोटरही त्याच ओझ्याखाली जाणार. गाडी परत येते, तुमचा अर्धा दिवस फुकट जातो, आणि पारावर तुमचं नाव निघतं ते वेगळंच. त्याऐवजी तपासणीचे १५० रुपये पाटीवर लिहा. फ्यूज निघाला तर १५० अधिक फ्यूजची किंमत. गिऱ्हाईक हसत जातं, तुमची पंधरा-वीस मिनिटं वसूल होतात.

काही जण काम मिळालं की तपासणीची रक्कम बिलातून वजा करतात. मी करत नाही. वजा केली की कमाई पुन्हा पार्टवर येऊन बसते, आणि मग आपलीच नजर मोठ्या पार्टकडे वळते. गावात तपासणीचे पैसे कोण देणार, असंही म्हणतात. देतात. फक्त दर आधी सांगा, काय तपासलं ते कागदावर लिहून द्या आणि काढलेला जुना पार्ट गिऱ्हाइकाच्या हातात ठेवा.

मोटर खरंच गेली असेल, तर नवी विका, बिनधास्त नफा घ्या. नवी मिळत नसेल आणि जुन्या बाजारातून आणावी लागली, तर आणण्याआधी तिथेच बॅटरीवर दोन्ही स्पीडला फिरवून बघा, आणि गिऱ्हाइकाला ती जुनी आहे हे स्पष्ट सांगा.

सुरुवातीला भांडवल फार लागत नाही. टेस्ट लॅम्प, साधा मल्टिमीटर, पाना सेट, ग्रीस, वेगवेगळ्या अँपिअरचे फ्यूज आणि थोडे बुश एवढं पुरे. मे महिन्यात घरच्या, शेजारच्या दहा जुन्या गाड्यांचे वायपर याच क्रमाने तपासा, प्रत्येकाची नोंद वहीत ठेवा. जूनमध्ये पाटी लावाल तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकासमोर हात अडखळणार नाही.