टीम राहिली, बिल कोणाचं?

सॅक्रामेंटोची किंग्ज टीम २०१३ मध्ये सिएटलला जायच्या बेतात होती. मुंबईत जन्मलेल्या विवेक रणदिवेंच्या गटाने ती घेतली आणि २०१६ मध्ये ऐन डाउनटाउनमध्ये गोल्डन वन सेंटर उभं राहिलं. अख्खं गाव खूश!

पण शहराचा वाटा होता सुमारे २५.५ कोटी डॉलर्स, आणि कर्जाची भिस्त मुख्यतः पार्किंगच्या कमाईवर. मतदान घ्या म्हणून लोकांनी सह्या गोळा केल्या, त्या २०१४ मध्ये तांत्रिक कारणावरून बाद झाल्या. मार्च २०२० मध्ये सामने थांबले, पार्किंग ओस पडलं, कर्ज मात्र होतं तिथेच.

मंडळी, टीम राहिली ह्याचा आनंद आहेच. पण टीमचा भाव वाढला तर मालकाचा, पार्किंग बुडालं तर गावाचं? असल्या सौद्याला निदान मत तरी विचारा की राव!