कमान नको, फी भरू या

आज ४ सप्टेंबर. उद्या शिक्षक दिन, म्हणजे पहाटेपासून व्हॉट्सअॅपवर गुलाबाची फुलं सुरू होतील. आजची तारीख मात्र नागपुरात फारशी कोणाच्या लक्षात नसते. ४ सप्टेंबर १८६३ ला स्टीफन हिस्लॉप गेला. सिव्हिल लाइन्समधलं कॉलेज ज्याच्या नावाचं आहे, तोच. स्कॉटलंडहून आलेला पाद्री. १८४६ मध्ये त्यानं नागपुरात शाळा काढली. धर्मप्रसारासाठीच आला होता, त्यात लपवण्यासारखं काही नाही. पण माणूस दगड गोळा करायचा, गोंडांची भाषा शिकायचा आणि पोरांच्या परीक्षा स्वतः घ्यायचा. त्या दिवशी तो रिचर्ड टेम्पलसोबत टाकळघाटची जुनी शिळावर्तुळं पाहायला गेला होता. बोरीची शाळा तपासायला मागे थांबला आणि अंधारात घोड्यावरून परतताना फुगलेल्या नाल्यात बुडाला. वय ४५. आज माझंही तेवढंच आहे, म्हणून जरा जास्त लागलं.

शाळा तपासायला थांबला म्हणून जीव गेला. हे आठवायचं कारण आमच्या शाळेचा माजी विद्यार्थ्यांचा ग्रुप.

मी नागपुरातल्या एका ख्रिस्ती शाळेत शिकलो. नाव लिहीत नाही, ओळखणारे ओळखतील. वडील मिल कामगार. सातवीत होतो तेव्हा बाबांचा पाय मोडला, पगार थांबला आणि मी शाळेत जाणं बंद केलं. फी थकली होती, लाज वाटायची. सहाव्या दिवशी संध्याकाळी आमचे गणिताचे सर सायकलनं घरी आले. आईची नुसती धावपळ. घरात दूध नव्हतं, तिनं काळा चहा दिला. सरांनी तो प्याला, बाबांच्या पायाची चौकशी केली, मिलच्या गोष्टी केल्या. फीचा विषयच नाही. निघताना एवढंच म्हणाले, "आई, उद्या याला पाठवा. फादरशी मी बोललोय."

दुसऱ्या दिवशी गेलो. गृहपाठ केला नाही म्हणून त्याच सरांनी हातावर पट्टी मारली. म्हणजे पहा!

पुढे कळलं की ऑफिसात अर्ध्या फीच्या पोरांचं एक रजिस्टर असायचं आणि सर दरवर्षी त्यात नावं घालायला भांडायचे. कोणाची नावं, हे वर्गात कधीच कळलं नाही. त्या रजिस्टरमध्ये हिंदू, बौद्ध, मुसलमान, ख्रिस्ती सगळेच होते. आम्ही बाकीचे मॉरल सायन्सला बसायचो, कॅथलिक पोट्टे कॅटेकिझमला जायचे, आणि डबा खाताना सगळे एकच.

सगळं सोनंच होतं असं नाही. मैदानावर मराठी बोललो तर दंड भरावा लागायचा, आणि तो राग अजून पोटात आहे. पण शाळेबद्दल जे प्रेम उरलं ते रेड हाउस-ब्लू हाउसच्या झेंड्यांमुळे नाही, मार्चपास्टमुळेही नाही. घरी कोणीतरी आलं होतं, त्यामुळे उरलं.

आता ग्रुपवर काय चाललंय? शाळेसाठी कमान. ग्रॅनाइटची. वर्गणी जमते आहे, डिझाइन फिरतं आहे, देणाऱ्यांची नावं कोरायची की नाही यावर तीन दिवस वाद. मी विचारलं, त्या रजिस्टरचं काय झालं? कोणालाच माहीत नाही. एकानं अंगठा पाठवला.

कायद्याचं सांगतो. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्यानं खासगी शाळांवर प्रवेशाच्या वर्गात २५ टक्के जागा दुर्बल घटकांतल्या मुलांना देण्याचं बंधन घातलं. ६ मे २०१४ ला प्रमती खटल्यात सुप्रीम कोर्टानं अल्पसंख्याकांच्या शाळांना या कायद्यातून वगळलं. १ सप्टेंबर २०२५ ला दोन न्यायमूर्तींनी त्या निकालावर शंका घेतली आणि विषय मोठ्या पीठासाठी सरन्यायाधीशांकडे पाठवला. कोर्टाचं कोर्ट पाहील. कलम ३० चा हक्क मला मान्य आहे. सरकारनं प्रत्येक शाळेत नाक खुपसावं असं मी म्हणणार नाही. पण सक्ती नाही म्हणून दार लावून घेणं वेगळं, आणि सक्ती नसतानाही रजिस्टर उघडं ठेवणं वेगळं. आमच्या सरांना कुठल्या कायद्यानं सायकलवर बसवलं होतं?

आणि आजच्या शिक्षकांवर ढकलून मोकळं होऊ नका, राजेहो. कितीतरी ठिकाणी वर्षावर्षाच्या करारावर काम, वर्गात पन्नास-साठ पोरं, संध्याकाळी पालकांच्या ग्रुपवर उत्तरं देत बसायचं. एखादे सर आज विद्यार्थ्याच्या घरी गेलेच तर आपणच विचारू, हे काहून आले? ट्यूशन लावायला का?

नागपुरातली जुनी एसएफएस शाळा, १८७० ची, ज्या संताच्या नावाची आहे तो सेंट फ्रान्सिस डी सेल्स आम्हा पत्रकारांचाही संत आहे. म्हणून पत्रकाराच्या हक्कानं थोडं टोचून लिहिलं.

रविवारी सदरला ग्रुपची मीटिंग आहे. कमानीचं एस्टिमेट मांडणार आहेत. मी शाळेत जाऊन विचारून आलो, या वर्षी फी थकल्यानं दाखला काढायला आलेली चार मुलं आहेत. त्यांची नावं मी ग्रुपवर टाकणार नाही. फक्त आकडा घेऊन जातोय.