आधी छायाचित्र, मग फवारणी

परसबागेत भोपळ्याचा वेल फुलला, की पहाटेपासून फुलांवर कीटकांची ये-जा सुरू होते. ती दिसताच फवारणीचा पंप उचलणारे शेतकरी थोडे नाहीत. परंतु फुलावर बसलेला प्रत्येक कीटक पिकाचा शत्रू असतो, ही समजूत चुकीची व हानिकारक आहे. भोपळा, काकडी व कारली यांच्या वेलांवर नर व मादी फुले निरनिराळी असतात. मधमाश्यांनी पराग वाहून नेले नाहीत, तर मादी फुलाखालील कोवळे फळ पिवळे पडून गळते. मग वेलाला रोग पडला असे समजून पुन्हा फवारणी होते! अशा रीतीने शेतकरी स्वतःच्याच हाताने उत्पन्न घटवतो आणि त्यासाठी पैसेही मोजतो.

हे टाळण्याचे साधन आज अनेकांच्या खिशात आहे. मोबाईलच्या कॅमेऱ्याने कीटकाचे छायाचित्र घ्यावे व त्याची ओळख पटल्यावाचून पंपास हात लावू नये. हा शहरी हौशी लोकांचा छंद आहे, असे कोणी म्हणेल. पण क्षणात उडून जाणारा कीटक चित्रात स्थिर राहतो व सावकाश पाहता येतो. सिरफिड माशी पिवळ्या-काळ्या पट्ट्यांमुळे मधमाशीसारखी भासते. चित्र मोठे करून पाहता तिच्या शृंगिका आखूड दिसतात आणि पंखांची एकच जोडी आढळते. तिच्या अनेक जातींच्या अळ्या मावा खातात. वांग्याचे फूल थरथरवून पराग झाडणारा काळा भुंगाही मित्रच होय. उलट, हिंगे नावाचे भुंगेरे पाकळ्याच फस्त करतात.

छायाचित्र घेताना आपली सावली फुलावर पडू देऊ नये. एक चित्र वरून व एक बाजूने घ्यावे; पीक, तारीख व वेळ टिपून ठेवावी. दोडका व दुधी यांची फुले सायंकाळी उमलतात, म्हणून त्यांचे निरीक्षण त्याच वेळी करावे. मात्र एका चित्रावरून किडीचे प्रमाण कळत नाही. त्यासाठी झाडे प्रत्यक्ष तपासलीच पाहिजेत.

गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी अशी चित्रे शेतीशाळेत दाखवून त्यांवर चर्चा घडवून आणावी. कोणते औषध मारावे, हा प्रश्न नंतरचा आहे. फुलावर कोण आले आहे, हा पहिला.