यजमान कोण, पाहुणा कोण?

गेम-इंजिन बनवणाऱ्या कंपनीने परदेशी बाजारपेठेत जाऊन तिथल्या गेमकर्त्यांसाठी तांत्रिक चर्चासत्र भरवणे ही निव्वळ व्यापाराची बाब आहे; मराठीच्या प्राध्यापकांनी तीत लक्ष घालण्याचे कारण नाही, असे आमचे काही सहकारी म्हणतात. 'तंत्राला भाषा नसते' हे त्यामागचे समर्थन. आम्हाला दोन्ही विधाने अमान्य आहेत.

आधी 'यजमान' हा शब्दच पाहू. श्रौत परंपरेत यज्ञ करविणारा तो यजमान. मंत्र म्हणतात ऋत्विज, पण त्यांच्या वाट्याला दक्षिणा येते, फळ यजमानाचे. ह्या चर्चासत्रांतही गाव स्थानिकांचे असते आणि यजमानपण बाहेरून आलेल्या कंपनीचे. प्रवेश बहुधा फुकट, शिकवणीही मनापासून दिलेली. परंतु जो ते इंजिन शिकतो तो पुढची कित्येक वर्षे त्यालाच बांधला जातो. सप्टेंबर २०२३ मध्ये युनिटी कंपनीने ठरावीक उत्पन्न व संख्या ओलांडणाऱ्या गेमच्या प्रत्येक नव्या इन्स्टॉलेशनमागे शुल्क जाहीर केले, तेव्हा जगभरच्या गेमकर्त्यांना कळले की शिकवणी फुकट असली तरी घर भाड्याचे आहे. मोठा गदारोळ झाला आणि सप्टेंबर २०२४ मध्ये ते शुल्क रद्द करावे लागले. भाडे वाढवण्याचा अधिकार मात्र घरमालकाकडेच राहिला.

मग अशी चर्चासत्रे नकोतच का? आमचे म्हणणे तसे नाही. आज प्रचंड वाढलेली 'गेम डेव्हलपर्स कॉन्फरन्स' १९८८ मध्ये सॅन होजे इथे ख्रिस क्रॉफर्ड ह्यांच्या घरी, तीसहूनही कमी माणसांत सुरू झाली. तिथे यजमान आणि पाहुणे एकाच व्यवसायातले होते. जपानी गेमकर्त्यांनी १९९९ पासून 'सेडेक' ही स्वतःची परिषद उभी केली. म्हणूनच अमेरिकेच्या एपिक कंपनीला जपानमध्ये जी सभा लाभली ती केवळ ऐकणाऱ्यांची नव्हती. स्क्वेअर एनिक्सचा 'द लास्ट रेम्नंट' २००८ मध्ये एपिकच्या अनरिअल इंजिनवर आला, तेव्हा चित्रे उशिरा उमटतात, गती अडखळते अशी टीका झाली. पुढे एपिकने जपानात शाखा काढली, माहितीपत्रे जपानीत आणली, मेळावे जपानीत भरवले. २०१७ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट ११' त्याच इंजिनच्या नव्या आवृत्तीवर उभा राहिला. हे सारे चर्चासत्रांमुळेच घडले असा आमचा दावा नाही. जपानी कारागिराला अडलेली गोष्ट जपानीत विचारता आली, एवढाच आमचा मुद्दा आहे. आणि तो लहान नाही. ज्या भाषेत आपण शंका घेतो त्याच भाषेत आपण खऱ्या अर्थाने शिकतो, हे वर्गात उभे राहणाऱ्या कोणालाही ठाऊक आहे.

ह्याचा मराठीशी संबंध थेट आहे. पहिली वेलांटी संगणकाच्या स्मृतीत व्यंजनानंतर साठवली जाते, पडद्यावर मात्र ती व्यंजनाआधी उमटावी लागते. जोडाक्षरांसाठीही अशीच वेगळी जुळणी करावी लागते. अनरिअल इंजिन त्यासाठी 'हार्फबझ' ह्या मुक्त सॉफ्टवेअरचा आधार घेते. युनिटीत सर्रास वापरल्या जाणाऱ्या टेक्स्टमेशप्रोने मात्र ही जुळणी अनेक वर्षे स्वतःहून केली नाही. वेलांटी भलतीकडे जाई आणि जोडाक्षर फुटे. कोट्यवधी वाचकांची लिपी इतकी वर्षे मोडून दिसावी, हा आमच्या मते केवळ तांत्रिक दोष नव्हे. भारताला बाजारपेठ म्हणणाऱ्यांनी भारतीयाला वाचक मानले नाही, आणि आपणही तसा आग्रह धरला नाही, ह्याची ती खूण आहे.

म्हणून यजमान कंपन्यांकडे आमची मागणी स्पष्ट आहे : ज्या देशात सभा भरवाल तिथल्या भाषांत प्रश्न घ्या, उत्तरे त्या भाषांत लिहून द्या आणि तिथली लिपी नीट उमटते हे आधी दाखवा. आपल्या मराठी विभागांकडेही मागणी आहे. लिपी, व्याकरण, कथनशास्त्र हे आपण शिकवतो. तेव्हा ह्या सभांना आपले विद्यार्थी पाठवा, आपणही जा. तंत्राला भाषा नसते असे व्यासपीठावरून कोणी म्हणालेच, तर ते वाक्य कोणत्या भाषेत उच्चारले गेले, एवढे त्यांना जरूर विचारा.