कथा कोणी सांगायची?

कथा सांगितल्याने माणसे जवळ येतात, हे विधान चर्चासत्रांतून फार स्वस्त झाले आहे. ते जालना रस्त्यावरच्या करमाडसारख्या गावात बसून तपासावे.

27 जुलै 1978 रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचे नाव देण्याचा ठराव केला आणि मराठवाड्यात दलित वस्त्या पेटवल्या गेल्या. नामविस्तार झाला तो 14 जानेवारी 1994 रोजी. या काळात दलितांनी आपली कथा सांगितली नाही काय? दया पवारांचे 'बलुतं' 1978चेच. प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' पाठोपाठ आले. पानतावण्यांचे 'अस्मितादर्श' तर औरंगाबादेतूनच निघत होते. आपण ही पुस्तके अभ्यासक्रमाला लावली, त्यांवर टिपा लिहून घेतल्या, गुणही दिले.

पण पेटवणाऱ्याचे, किंवा ते पाहून दार लावून घेणाऱ्याचे आत्मकथन आपल्या वाचनयादीत कुठे आहे? दक्षिण आफ्रिकेच्या सत्य आणि समेट आयोगापुढे माफी हवी असलेल्या अपराध्याला आपले कृत्य संपूर्ण सांगावे लागे. आपल्याकडे सांगण्याचे ओझे जखमी माणसावर. हळहळणाऱ्या वाचकाला मात्र समेट झाल्याचे समाधान!

तेव्हा पुढच्या चर्चासत्रात आम्हा सवर्ण प्राध्यापकांनी 1978 साली आपापल्या घरांत काय बोलले जात होते ते आधी सांगावे. 'बलुतं'वरचे निबंध त्यानंतर वाचू.